मानमोडी : जनावरांच्या फ्लूवर पाळत ठेवण्याचा इतिहास

मराठीत 'मानमोडी' हा शब्द दोन रोगांसाठी वापरला गेला आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून देशात शिरलेल्या आणि कोटीच्या वर माणसांचा बळी घेणाऱ्या इन्फ्ल्युएंझाच्या साथीला आपल्याकडे लोकांनी मानमोडी म्हटले. कोंबड्यांना होणाऱ्या राणीखेत रोगालाही कोंबड्या पाळणारे लोक मानमोडीच म्हणतात. शास्त्रीय दृष्टीने हे दोन रोग अगदी निराळे. त्यांचे विषाणू वेगळ्या कुळांतले आहेत. तरीही माणसाच्या आणि कोंबडीच्या आजाराला एकच नाव देणाऱ्या लोकांनी नकळत एका खऱ्या गोष्टीला हात घातला होता. इन्फ्ल्युएंझा हा केवळ माणसाचा रोग नाही. तो पक्ष्यांचा, डुकरांचा, घोड्यांचा आणि अलीकडे गायींचाही रोग आहे. विज्ञानाला हे कसे कळत गेले आणि कळल्यावर पाळीव जनावरांवर नजर ठेवण्याची पद्धत कशी उभी राहिली, हे आपण या लेखात पाहू.

आयोवातील डुकरे

१९१८ च्या सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस अमेरिकेतील आयोवा राज्यात सीडर रॅपिड्स या गावी डुकरांचे मोठे प्रदर्शन भरले होते. तेथे अनेक डुकरे एकाएकी आजारी पडली. ताप, खोकला, नाकातून पाणी, धाप आणि अंग टाकून पडून राहणे अशी लक्षणे होती. प्रदर्शन संपल्यावर डुकरे आपापल्या गावी गेली आणि त्यांच्याबरोबर रोगही गेला. त्याच वेळी माणसांत फ्लूची भयंकर साथ चालू होती.

जे. एस. कोएन नावाचे सरकारी पशुवैद्य तेथे डुकरांच्या कॉलराच्या बंदोबस्ताचे काम करीत होते. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ज्या वाड्यांवर माणसे आजारी पडत तेथे लगेच डुकरे आजारी पडत, आणि ज्या वाड्यांवर आधी डुकरे आजारी पडत तेथे मागोमाग माणसे. लक्षणेही जवळजवळ तीच. कोएन यांनी या आजाराला सरळ 'फ्लू' म्हटले. डुकरांचा धंदा करणाऱ्यांना ते मुळीच रुचले नाही, कारण हे नाव ऐकून लोक मांस विकत घेणे बंद करतील अशी त्यांना धास्ती होती. कोएन आपल्या निदानावर ठाम राहिले.

हा प्रसंग नीट लक्षात ठेवावा. जनावरांतील रोगाचे खरे नाव उच्चारले की कोणाच्या तरी पोटावर पाय येतो. पुढच्या शंभर वर्षांच्या इतिहासात ही अडचण आपल्याला पुनःपुन्हा भेटणार आहे.

गाळणीतून गेलेला रोग

कोएन यांच्याजवळ निरीक्षण होते, पुरावा नव्हता. फ्लू एका जिवाणूमुळे होतो असे त्या काळी बहुतेकांना वाटे. १९२८ साली रिचर्ड शोप हे तरुण डॉक्टर आयोवात आले. ते मूळचे आयोवाचेच आणि प्रिन्स्टन येथील रॉकफेलर संस्थेत काम करणारे. त्यांनी आजारी डुकरांच्या श्वासनलिकेतील स्राव घेतला आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला. अशा गाळणीत जिवाणू अडकतात, विषाणू पार जातात. गाळलेला द्रव निरोगी डुकरांच्या नाकात घालताच त्यांना आजार झाला, पण सौम्य. त्या द्रवात डुकरांच्या फुप्फुसात सापडलेला एक जिवाणू मिसळला तेव्हा मात्र नेहमीचा तीव्र रोग दिसला. नुसत्या जिवाणूने काहीच झाले नाही. म्हणजे मूळ कारण विषाणू आणि त्याला साथ देणारा जिवाणू, असा हा मामला होता. शोप यांचे हे संशोधन १९३१ साली प्रसिद्ध झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, लंडनमध्ये विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला. त्यासाठी त्यांनी फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी वापरला. याचा अर्थ असा, की फ्लूचा विषाणू माणसाच्या आधी डुकरात सापडला. जनावरांच्या डॉक्टरांनी दाखवलेली वाट माणसांच्या डॉक्टरांच्या उपयोगी पडली.

रक्ताची साक्ष

आता प्रश्न असा, की डुकरांचा हा विषाणू आणि १९१८ चा विषाणू यांचे नाते काय? १९१८ मध्ये विषाणू कोणी जपून ठेवला नव्हता. शोप यांनी त्यावर एक सुंदर युक्ती योजली. आपल्या शरीरात एकदा विषाणू येऊन गेला की त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे रक्तात दीर्घकाळ राहतात. म्हणजे रक्त ही एक प्रकारची नोंदवहीच आहे. १९३५-३६ च्या सुमारास शोप यांनी निरनिराळ्या वयांच्या माणसांचे रक्त तपासले. प्रौढांच्या रक्तात डुकरांच्या विषाणूला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे सर्रास सापडली, तर सुमारे बारा वर्षांखालील मुलांच्या रक्तात क्वचितच सापडली.

हे उदाहरण वर्गात अवश्य मांडावे. विद्यार्थ्यांना एवढीच माहिती द्यावी आणि निष्कर्ष त्यांनाच काढू द्यावा. प्रौढ माणसे डुकरांच्या सहवासात असतील म्हणून असे झाले, असे कोणी म्हणेल. पण शहरात राहून डुक्कर जवळून न पाहिलेल्यांच्या रक्तातही प्रतिपिंडे असतील, तर काय म्हणायचे? मग एकच सुसंगत उत्तर उरते. या मुलांच्या जन्माआधी माणसांत याच जातीचा विषाणू फिरून गेला असला पाहिजे आणि तोच डुकरांत टिकून राहिला असला पाहिजे. २००५ साली, अलास्कातील गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या प्रेतातून व जपून ठेवलेल्या ऊतींतून १९१८ च्या विषाणूची संपूर्ण जनुकरचना वाचता आली, तेव्हा या नात्याला बळकट आधार मिळाला.

१९४१ साली जॉर्ज हर्स्ट यांनी तपासणी आणखी सोपी केली. हा विषाणू कोंबडीच्या भ्रूणयुक्त अंड्यात वाढवता येतो. अशी अंडी हाताळताना भ्रूणाचे थोडे रक्त द्रवात सांडले आणि त्यातील तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या झाल्याचे त्यांना दिसले. विषाणूच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन तांबड्या पेशींना चिकटते आणि त्यांना जोडून टाकते. नमुन्यात प्रतिपिंडे असतील तर ती विषाणूला वेढतात आणि गुठळ्या होत नाहीत, पेशी तळाशी टिकलीसारख्या बसतात. ही चाचणी डोळ्यांनी पाहता येते आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. त्यामुळे हजारो नमुने तपासणे शक्य झाले. १९५२ साली जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूवर लक्ष ठेवणाऱ्या प्रयोगशाळांचे जाळे विणले, त्यातही या चाचणीचा फार मोठा वाटा होता. आपल्या पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था या जाळ्याचा भाग आहे.

पाणपक्ष्यांची आतडी

तिकडे पक्ष्यांच्या रोगाची कहाणी वेगळीच चालली होती. १८७८ साली एदुआर्दो पेरोन्चितो यांनी इटलीत कोंबड्या झपाट्याने मारणाऱ्या एका रोगाचे वर्णन केले. त्याला 'कोंबड्यांचा प्लेग' म्हणत. १९०१ मध्ये हा रोगही गाळणीतून पार जाणारा ठरला. पण तो फ्लूचाच एक प्रकार आहे हे कळायला १९५५ साल उजाडले. जर्मनीतील वेर्नर शेफर यांनी ते सिद्ध केले.

तरीही कोंबड्यांना हा विषाणू येतो कुठून, हे गूढ कायम होते. १९६१ साली दक्षिण आफ्रिकेत समुद्री सुरय पक्षी मोठ्या संख्येने मेले आणि त्यांच्यात फ्लूचा विषाणू सापडला. १९६७ च्या सुमारास रॉबर्ट वेबस्टर व ग्रॅम लेव्हर हे दोन शास्त्रज्ञ ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फिरत असताना त्यांना वाळूत मेलेले समुद्रपक्षी दिसले. दक्षिण आफ्रिकेची घटना त्यांना ठाऊक होती. हे पक्षीही फ्लूनेच मेले असतील का, अशी शंका त्यांना आली. ग्रेट बॅरियर रीफच्या बेटांवर जाऊन त्यांनी समुद्रपक्ष्यांचे नमुने घेतले आणि पुढे त्यांना एका निरोगी पक्ष्यात विषाणू सापडला.

पुढे कॅनडातील तळ्यांवर रानबदकांची वर्षानुवर्षे तपासणी झाली. तेव्हा कळले की बदकात हा विषाणू प्रामुख्याने आतड्यात वाढतो, विष्ठेतून तळ्याच्या पाण्यात मिसळतो आणि दुसऱ्या बदकाच्या पोटात जातो. बदक बहुधा आजारीही पडत नाही. फ्लूच्या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने असतात. 'एच' आणि 'एन' ही त्यांची नावे. पाणपक्ष्यांत 'एच' चे १६ व 'एन' चे ९ प्रकार मिळाले. माणसांतल्या साथींत मात्र यांपैकी मोजकेच आढळले आहेत. मूळ कोठार पाणपक्ष्यांचे, आणि कोंबड्या, डुकरे, माणसे या त्याच्या शाखा, असे चित्र हळूहळू स्पष्ट झाले.

विषाणूला नाव देण्याची पद्धतही आपण जाणून घेऊ. 'ए/हंस/ग्वांगडोंग/१/१९९६ (एच५एन१)' याचा अर्थ काय? 'ए' प्रकारचा विषाणू, हंसात सापडला, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, नमुना क्रमांक १, साल १९९६, पृष्ठभागावरील प्रथिने एच५ आणि एन१. माणसात सापडलेल्या विषाणूच्या नावात प्राण्याचे नाव घालत नाहीत. एका ओळीत विषाणूचा सारा पत्ता मिळतो.

पत्त्यांचे दोन जोड

एका जातीतून दुसऱ्या जातीत जाणे विषाणूला सोपे नसते. पेशीच्या पृष्ठभागावरील ज्या साखरेच्या रेणूला तो चिकटतो, त्याची जोडणी पक्ष्यांच्या आतड्यात एका तऱ्हेची व माणसाच्या घशात दुसऱ्या तऱ्हेची असते. डुकराच्या श्वासनलिकेत दोन्ही तऱ्हा आढळतात. म्हणून डुकराला पक्ष्यांचाही फ्लू होऊ शकतो आणि माणसांचाही.

यात आणखी एक गंमत आहे. फ्लूच्या विषाणूची जनुके एका सलग धाग्यावर नसून आठ सुट्या तुकड्यांवर असतात. लाल व निळ्या पाठीच्या पत्त्यांच्या दोन जोडांतून एक्का ते अठ्ठी अशी आठ-आठ पाने घ्या. आता एकेका क्रमांकाचे एकच पान, लाल किंवा निळे, निवडून आठ पानांचा संच बनवा. असे किती संच होतील? २ चा आठवा घात, म्हणजे २५६. एकाच पेशीत दोन विषाणू शिरले तर बाहेर पडणाऱ्या विषाणूंत असे २५६ संच संभवतात. त्यांतले बहुतेक निकामी ठरतात, पण एखादा जमून जातो. १९५७ च्या साथीच्या विषाणूत तीन तुकडे पक्ष्यांच्या विषाणूतून आले होते, १९६८ च्या विषाणूत दोन.

काही वेळा इतक्या मोठ्या उलथापालथीचीही गरज नसते. १९८३ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात कोंबड्यांत एच५एन२ हा सौम्य विषाणू आला. थोडी सर्दी, थोडी अंडी कमी. ऑक्टोबरमध्ये तोच विषाणू एकदम प्राणघातक झाला. तपासल्यावर जनुकांत अगदी थोडा फरक दिसला. 'एच' प्रथिनाचे दोन तुकडे झाल्यावाचून विषाणू नव्या पेशीत शिरू शकत नाही. सौम्य विषाणूचे प्रथिन फक्त आतडे व श्वासमार्ग येथील विकरेच तोडू शकतात. घातक विषाणूचे प्रथिन शरीरातील कोणत्याही अवयवात तुटते. त्यामुळे तो मेंदू, हृदय, सर्वत्र पसरतो. ही साथ थांबवण्यासाठी सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले. सौम्य आजाराकडेही लक्ष ठेवले पाहिजे, हा तिचा धडा होता.

हाँगकाँगचा बाजार

हाँगकाँग विद्यापीठातील केनेडी शॉर्टरिज हे १९७० च्या दशकापासून तेथील बाजारात येणाऱ्या बदकांचे व कोंबड्यांचे नमुने तपासत होते. बाहेरून पाहणाऱ्याला हे काम कंटाळवाणे वाटावे. पण १९९७ च्या मे महिन्यात तेथे तीन वर्षांचा एक मुलगा फ्लूने दगावला आणि विषाणू एच५एन१ निघाला. पक्ष्यांचा हा विषाणू माणसाचा बळी घेतो हे प्रथमच दिसले. वर्षअखेरपर्यंत १८ जणांना लागण झाली व त्यांतले ६ जण मेले. जिवंत कोंबड्यांच्या बाजारांत विषाणू फार मोठ्या प्रमाणात सापडला. डिसेंबरच्या अखेरीस सुमारे १५ लाख कोंबड्या मारण्यात आल्या आणि माणसांतील लागण थांबली. पुढे बदके व हंस यांना कोंबड्यांपासून वेगळे ठेवणे, बाजार महिन्यातून एक दिवस रिकामा करून धुणे, असे नियम आले. बाजार कुठे बंद करायचा हे कळले, याचे श्रेय वर्षानुवर्षांच्या त्या कंटाळवाण्या तपासणीला आहे.

मूळ विषाणू मात्र संपला नव्हता. २००३-०४ मध्ये तो व्हिएतनाम, थायलंड व इतर देशांत पसरला. २००५ च्या मे महिन्यात चीनमधील छिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्टकदंब हंसांची संख्या मोठी होती. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिवाळ्यात हिमालय ओलांडून भारतात, आपल्या जायकवाडी व उजनीच्या पाण्यावरही उतरतो. पाहुणे येतात तेव्हा त्यांच्याबरोबर काय येते, हा प्रश्न आता आपल्याही दाराशी आला होता.

नवापूर

२००६ च्या सुरुवातीस नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कुक्कुटपालन केंद्रांत मोठी मरतूक होऊ लागली. तिचा ठपका आधी राणीखेतवर, म्हणजे मानमोडीवर ठेवला गेला. हे स्वाभाविक होते, कारण दोन्ही रोगांची लक्षणे वरवर पाहता सारखी दिसतात. नुसत्या डोळ्यांनी फरक करता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. नमुने भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारी रोजी एच५एन१ असल्याचे जाहीर झाले. भारतातील ही पहिली नोंद.

नंतरचे दिवस नवापूरकरांनी विसरणे शक्य नाही. बाधित केंद्राभोवतीच्या पट्ट्यातील सर्व कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. अंडी व खाद्य नष्ट करण्यात आले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांतही रोग आढळला. लाखो पक्षी गेले. जिथे रोग नव्हता तेथेही कोंबडी व अंडी यांना गिऱ्हाईक राहिले नाही. माणसांचे नमुने तपासले गेले, पण कोणालाही लागण झालेली आढळली नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात हा प्रकार पुन्हा घडला.

येथे कोएन यांची अडचण आपल्याला पुन्हा भेटते. ज्या माणसाच्या खुराड्यात पहिली कोंबडी मरते, त्याने ती बातमी सांगावी अशी आपली अपेक्षा असते. पण सांगितल्याची शिक्षा म्हणून त्याचा सारा कळप जातो, आणि शेजाऱ्यांचाही. सरकार नुकसानभरपाई देते. ती वेळेवर आणि पुरेशी मिळाली नाही, तर पुढच्या वेळी तो माणूस गप्प राहतो व उरलेल्या कोंबड्या रातोरात विकून टाकतो. मग रोग बाजाराच्या वाटेने पसरतो. म्हणून नुकसानभरपाई ही रोगनियंत्रणाच्या यंत्रणेतला प्रयोगशाळेइतकाच महत्त्वाचा भाग आहे.

जिथे कोणी पाहिले नाही

शास्त्रज्ञांचे सारे लक्ष आशियातील कोंबड्यांवर असताना २००९ ची जागतिक साथ निघाली ती मेक्सिकोतून, डुकरांतून. पुण्यात ३ ऑगस्ट २००९ रोजी या रोगाने देशातील पहिला बळी घेतला, तो एका शाळकरी मुलीचा. त्यानंतर बंद झालेल्या शाळा आणि तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर अनेक शिक्षकांना आठवत असेल. या विषाणूत उत्तर अमेरिकेतील व युरोप-आशियातील डुकरांच्या विषाणूंचे तुकडे एकत्र आले होते. त्याच्या जनुकांचा वंशवृक्ष मांडताना मध्ये कित्येक वर्षांची पोकळी आढळली. तेवढी वर्षे त्याचे पूर्वज कुठल्यातरी डुकरांत फिरत होते आणि कोणी त्यांचा नमुना घेतला नव्हता. या साथीत वयस्कर माणसे तुलनेने बचावली, कारण लहानपणी १९१८ च्या वंशातील विषाणू त्यांच्या शरीरात येऊन गेला होता. शोप यांनी वाचलेली रक्ताची नोंदवही सत्तर वर्षांनी पुन्हा कामी आली.

२०२४ च्या सुरुवातीस अमेरिकेतील टेक्सास राज्यात दुभत्या गायींचे दूध एकाएकी आटले. उरलेले दूध चिकासारखे दाट येऊ लागले आणि गोठ्यांवरची मांजरे मरू लागली. दुधाचे व मांजरांचे नमुने तपासणीसाठी गेले ते आयोवात, कोएन यांच्याच राज्यात. २५ मार्च २०२४ रोजी एच५एन१ जाहीर झाला. गायीच्या कासेत हा विषाणू अतोनात वाढत होता आणि दूध काढण्याच्या यंत्रांतून व गायींच्या वाहतुकीतून पसरत होता. पुढे हजाराहून अधिक कळपांत तो सापडला. सर्वांना आश्चर्य वाटले. पण फ्लूचा विषाणू गायीच्या कासेत वाढू शकतो हे कॅनडातील शास्त्रज्ञांनी १९५३ सालीच प्रयोगाने दाखवले होते. तो निबंध ग्रंथालयात पडून राहिला. गायीला फ्लू होतो हे गृहीतच नसल्याने गोठ्यात कोणी तो शोधला नाही.

दूध उकळल्याने किंवा पाश्चरीकरणाने हा विषाणू मरतो. आपली दूध तापवून घेण्याची सवय येथे उपयोगी आहे, एवढे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ व एक बिबट्या एच५एन१ ने मेले, तेव्हा हा विषाणू आपल्यापासून दूर नाही हेही ध्यानात ठेवावे. २००३ पासून जगात साडेनऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ ची लागण झाल्याची नोंद आहे आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास दगावली. सुदैवाने तो अजून माणसाकडून माणसाकडे सहज जात नाही.

पाळत म्हणजे काय?

या सव्वाशे-दीडशे वर्षांच्या हकीकतीत यंत्रे बदलली. गाळणी गेली, अंडी मागे पडली, आता जनुकांची अक्षरे थेट वाचता येतात. पण प्रत्येक वेळी पहिली खबर यंत्राने दिलेली नाही. डुकरांचा खोकला ऐकणारा पशुवैद्य, किनाऱ्यावरचे मेलेले पक्षी पाहून थबकणारे दोघे, गोठ्यातली मांजरे का मेली असे विचारणारा डॉक्टर, यांच्यापासून सुरुवात झाली. आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांकडे नमुना येतो तो कोणीतरी आधी काहीतरी पाहिल्यानंतर, आणि ते सांगण्याची हिंमत केल्यानंतर.

आपल्या वर्गात बसलेल्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी परसात कोंबड्या आहेत, गोठ्यात गाई-म्हशी आहेत. तळ्यावर एकाच दिवशी पाच-दहा पक्षी मेलेले दिसले किंवा खुराड्यात अचानक मरतूक झाली, तर मेलेल्या पक्ष्याला हात लावू नये आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे, एवढे त्यांना ठाऊक असले पाहिजे. त्यांच्या वडिलांनी मात्र असे कळवल्यावर त्यांचे नुकसान भरून निघेल, याची हमी आपल्या सर्वांकडून मिळायला हवी. ती नसेल, तर भोपाळची उत्तम प्रयोगशाळादेखील नमुन्याची वाट पाहत बसेल.